इतिहास विभागाचा रकाना

विद्यापीठ वाढलं म्हणतात. वाढलंच की. माझ्या लहानपणी बीए व्हायला शहर गाठावं लागे. आता लाखांदूरकडच्या पोरी एसटीतून उतरून चार पावलं चालल्या की कॉलेजात पोचतात. तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं निघाली, शिकवायला माणसं नेमायची तेवढी राहून गेली. अशाच एका कॉलेजात मी पंधरा वर्षं इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत आणि परीक्षा आली की घरी. तेच चेहरे दर वर्षी मला विचारतात, "अनुभव?"

मध्यंतरी विद्यापीठाने स्मरणिका काढायचं ठरवलं. प्रत्येक कॉलेजाने आपला इतिहास लिहून पाठवायचा होता. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमच्यासारखं लिहिणारं कोण आहे आपल्याकडे? तुम्हीच लिहा ना." मी फुललो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौसच. घरी आईला सांगितलं. तिचा जन्म धानाच्या बांध्यांत, शेतात राबण्यात गेला, अक्षरओळख नाही. तिने एवढंच विचारलं, "पुस्तकात तुयं नाव येईन का?"

"येईन ना," मी म्हणालो.

दिवाळीची सुट्टी त्यातच घातली. पहिल्या तुकडीतली माणसं गावोगाव जाऊन शोधली. पहिला वर्ग धानाच्या गोदामात भरला होता. रोवणीच्या दिवसांत अर्धी मुलं चिखलात असायची, म्हणून तेव्हाचे सर संध्याकाळी पुन्हा तास घ्यायचे. सगळं मन लावून लिहिलं. लेखाखाली प्राचार्यांचं नाव जाणार, हे मागाहून कळलं. तेही गिळलं. शेवटी विभागवार प्राध्यापकांचा तक्ता होता, त्यात तरी आपण असूच, असं धरून चाललो.

तक्ता भरायला बसलो तर ऑफिसातला बाबू म्हणाला, "तुमचं नाव नका टाकू सर. मंजूर पदंच लिहाची आहेत. इतिहासाचं पद रिक्त आहे. तसंच लिवा, नाही तं कागद वापस येते." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून जास्त संताप आला. पंधरा वर्षं ज्या विषयासाठी घसा कोरडा केला, त्याच्यापुढे 'पद रिक्त' असं मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

स्मरणिका आली, गुळगुळीत कागदाची. आईने हात पदराला पुसून ती मांडीवर घेतली. "कोठी आहे तुयं नाव?"

मला खरं सांगवेना. तिचं बोट धरलं आणि त्या दोन शब्दांवर ठेवलं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिने शेजारच्या सुनेला हाक मारली, "ये वो बाई, वाच माया पोराचं नाव."

ती माझीच विद्यार्थिनी, नुकतीच बीए झालेली. तिने पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने माझं नाव वाचलं. आई हसली. मी मात्र खाली बघत होतो. जे लिहिलेलं आहे तेच वाचावं, असं मी तिला तीन वर्षं शिकवलं होतं.