सतरा पाट्या

गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणत. चारचौघांत बायकोसुद्धा तेच म्हणे. चाळीस वर्षं त्याने इथल्या शिंप्याच्या, चांभाराच्या, दवाखान्याच्या पाट्या रंगवल्या. हात असा, की दोरी न धरता सरळ ओळ काढावी. डोकं मात्र हाताइतकं चालत नव्हतं, हे खरं सांगायलाच हवं.

मग शहराला या पडक्या वस्तीची एकाएकी माया आली. मोटारी बंद झाल्या, फरशा बसल्या, माना वर करून हिंडणारे लोक येऊ लागले आणि भाडी चढली. महापालिकेने जुन्या वस्तीसाठी नेमलेल्या समितीने जाहीर केलं : ज्या कारागिराचं जुनं काम गल्लीत अजून दिसतं, त्याचं दुकान जुन्याच भाड्यात राहील. बाकीच्यांनी जागा सोडायची. पाहणी सोमवारी.

पेंटरने गल्लीभर चक्कर मारली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंग उडालेले, अक्षरांचे पोपडे निघालेले.

"असलं काम दाखवायचं मोठ्या माणसांना?"

"अहो, त्यांना जुनंच बघायचंय ना?" बायको म्हणाली.

"जुनं म्हणजे घाणेरडं नव्हे. तुला काय कळतंय त्यातलं!"

सहा दिवस तो शिडीवरच होता. सतराच्या सतरा पाट्या खरवडून त्याने नव्याने रंगवल्या. जन्मात इतकं देखणं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

सोमवारी समितीच्या बाई आल्या. त्यांनी शिंप्याच्या पाटीला बोट लावलं. बोट लाल झालं.

"काका, चाळीस वर्षांचं काम कुठंय?"

"हेच की! तुमच्यासाठी नवंकोरं केलं," म्हणत त्याने बोट पुसायला फडकं पुढे केलं.

बाईंनी बोट पुसलं आणि कागदावर फुली मारली. शिंपी पोटतिडकीने शपथा घेत होता, पण त्या कागदात शपथेचा रकाना नव्हता. बायको दारातून बघत होती. तिला रडूसुद्धा येईना, इतका नवऱ्याचा राग आला होता.

महिनाअखेरीला पेंटरचं दुकान रिकामं झालं. लगेच बाईंचा निरोप आला : 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी हवी, पण दिसायला जुनी. पोटापुढे मान कुठली! पेंटरने पाटी रंगवली, पॉलिश पेपरने घासली, चहाच्या पाण्याने मळवली आणि आपल्याच दारावर ठोकली.

बाई मागे सरकून बघत राहिल्या.

"वा, काका! अगदी चाळीस वर्षांपूर्वीची वाटते. त्या दिवशी अशी एक जरी दिसली असती ना, तर मी फुली मारली नसती."