सोसायटीच्या विहिरीतली अधांतरी वायर

वडवणीकडच्या आमच्या पाणी सोसायटीत मी मशिनरी बघायचो. आजही चौघं चहाला बसलो की त्या दुष्काळातली एक गोष्ट निघते, तिच्यामागून दुसरी, अन् चहा गार होतो.

मूळ भानगड अशी. तालुक्याच्या ऑफिसानं सोसायटीच्या विहिरीत पाणी मोजायचा सेन्सर सोडला, काठावर आकडे नोंदवणारा डेटा लॉगर सील ठोकून बसवला. लॉगर आकडा तालुक्याला पाठवायचा. आकडा वर गेला की गावाचा टँकर बंद! सेन्सरच्या दोन्ही वायरी अधांतरी, जमिनीशी कशाचाच संबंध नाही. मग लॉगर मनाला येईल ते दाखवायचा. सकाळी दोन फूट, दुपारी अकरा. विहिरीत मात्र नुसता गाळ.

*

एकदा अनवाणी उभ्या वॉचमन मासूमभाईंचं बोट वायरीला लागलं, त्यांच्या अंगातून वायर जमिनीला टेकली अन् आकडा खाली येऊन थांबला. चप्पल घातली की पुन्हा नाचायला लागला. तेव्हापासून भाई रोज उन्हात अनवाणी, वायर धरून उभे.

"भाई, किती दिवस असं?"

"टँकर येतोय तवर. पाय माझे हायत, तालुक्याचे न्हाईत."

*

तालुक्याचा इंजिनिअर आला. म्हणाला, "लॉगर जमिनीला जोडायला अर्थिंगचा खड्डा घ्या, त्यात रोज दोन बादल्या पाणी ओता."

आमच्या चेअरमन सखुमावशी. अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, कुणाला भीत नाहीत. म्हणाल्या, "माणसाला घागर मिळंना अन् खड्ड्याला दोन बादल्या? आधी तूच बस त्याच्यात."

शेवटी भांडी घासलेलं पाणी ओतलं. खड्डा भिजला, आकडा नाचतच राहिला.

*

मग मीच सील तोडून लॉगर उघडला. सेन्सरची मायनस वायर लॉगरच्या ग्राउंडला कुणी जोडलीच नव्हती. वायरीचा वीतभर तुकडा लावला. आकडा शून्यावर आला अन् तिथंच बसला. टँकर सुरू झाला, मला लई बरं वाटलं.

आठवड्यात तालुक्याची नोटीस. परवानगीशिवाय सील का तोडलं? मी उत्तर लिहिलं, "वायर मीच जोडली. काढणार नाही."

त्यांनी माणूस पाठवून ती कापली. आकडा चढला, टँकर बंद.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही सेन्सर विहिरीतून वर ओढला, पुसून कोरडा केला अन् लॉगरसकट तालुक्याला नेऊन तिथल्या साहेबांच्या टेबलावर मांडला. बटण दाबलं. स्क्रीनवर सात फूट पाणी.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तोवर नऊ.

सखुमावशींनी रिकामी घागर टेबलावर ठेवली.

"भरा, साहेब."