पूर्वेकडच्या भेगा

फिरते सर खुर्चीवर बसलेले मी मोजून दोनदा पाहिले. एकदा दाढ काढायला नेलं तेव्हा आणि एकदा निवृत्तीच्या समारंभात, तेही पाय हलवत. जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या आमच्या संशोधन संस्थेत त्यांच्याशी चर्चा करायची म्हणजे त्यांच्यामागे चालायचं. कॉरिडॉरच्या एका टोकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या टोकाला मिळे, आणि तोवर त्यांना नवी शंका आलेली असे.

सर मूळचे नाशिकचे, पण तीस वर्षं जपानात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, जपानी. सासूबाईंकडून शिकलेल्या मराठीत त्या म्हणायच्या, "अहो, बसा जरा. जमीन कुठे पळून जाते आहे?" सर म्हणायचे, "जाते तर. तुमच्या देशात तर रोज जाते."

सुपरमार्केटात ते कलिंगड सगळ्या बाजूंनी वाजवून बघत. इथे असं कोणी करत नाही, त्यामुळे काकू गुपचूप भाज्यांकडे सरकत. "एकाच बाजूनं वाजवून काय डोंबल कळणार?" हा सरांचा सवाल. त्यांचं शास्त्रही तेच होतं. शेल हा घट्ट दगड, त्यातला गॅस भेगांच्या वाटेनं सुटतो, आणि भेगा असतात खोल जमिनीत. म्हणून वरून धक्के देऊन लहरी आत सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरी ऐकायच्या. भेगांच्या दिशेनं गेलेली लहर लवकर येते, भेगा ओलांडून आलेली रेंगाळते. सगळ्या दिशांनी ऐकलं तरच भेगा कुणीकडे धावतात ते कळतं, आणि गॅसची विहीर त्यांना आडवी नेता येते.

परदेशातल्या एका गॅसक्षेत्राचा असा नकाशा एका गॅस कंपनीसाठी करायचं काम माझ्याकडे होतं. पूर्वेकडच्या भागात नदी आडवी आल्यानं निम्म्या दिशांच्या नोंदीच नव्हत्या. सरांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये रिकाम्या जागा शेजारच्या नोंदींच्या सरासरीनं भरायची सोय होती. ती फक्त चाचणीपुरती, असं त्यांनी मला दहादा बजावलं होतं. "कचरासुद्धा वेगवेगळ्या पिशव्यांत टाकणारा देश आहे हा. मोजलेलं आणि भरलेलं एका पिशवीत घालू नकोस."

मी घातलं. माझा करार मार्चमध्ये संपत होता. मुलगी पहिलीत नुकती कुठे रुळली होती. अर्धा पांढरा नकाशा घेऊन कंपनीच्या लोकांसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. ती सोय चालू केली, आणि पूर्वेकडच्या भेगा शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी सरांनी नकाशा पाहिला. चालता चालता थांबले.

"एवढ्या शिस्तीत भेगा पडत नाहीत रे. ही शिस्त आपली आहे. भरलंस का?"

"हो, सर."

"उद्या सांगशील?"

"सांगतो."

त्या दिवशी त्यांची पावलं सारखी ऐकू येत होती. माझ्या दाराशी यायची, जरा मंदावायची, पुढे जायची. त्यांनी आत येऊन चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळा नकाशा दाखवला आणि पूर्वेबद्दल अवाक्षर काढलं नाही. कंपनीच्या माणसानं विचारलं, "पूर्वेला पहिली विहीर कधी घेता येईल?" मी पाणी प्यायलो. एक वाक्य पुरलं असतं. मागे उभे असलेले सर जपानीत म्हणाले, "पूर्वेचा भाग धरू नका. प्रोग्राम माझा आहे, चूक माझी आहे." मी मान खाली घालून कागद सारखे करत राहिलो.

माझा करार वाढला. निवृत्तीनंतर सरांना पुन्हा नेमणार, असं जवळजवळ ठरलेलं होतं. ते झालं नाही, आणि का झालं नाही हे कोणी बोललं नाही. ती दोघं नागोयाजवळ, काकूंच्या गावी राहायला गेली.

निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर बॅग उचलायला गेलो होतो. सर प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. मी म्हणालो, "सर, चूक माझी होती असं मी कंपनीला पत्र लिहितो."

"लिही."

"तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलो. अजूनही आहे. पण तुझं घर मला दिसत होतं." गाडी आली तसे म्हणाले, "माझ्यासाठी लिहू नकोस. तुला नीट झोप लागावी म्हणून लिही."

पत्र मी लिहिलं नाही. आधी पुढच्या कराराची वाट बघितली, मग कायम होण्याची. कायम झालो, तेव्हा आता कशाला जुनं उकरायचं, असं स्वतःला सांगितलं. सर गेल्या थंडीत वारले. काकूंचा फोन आला तेव्हा मला बोलताच आलं नाही, आणि त्यांना वाटलं मी रडतो आहे.

आमच्याकडे नवीन विद्यार्थी आला की त्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात, तो जुना प्रोग्राम वापरू नकोस, त्यात दोष आहे. मी शेजारच्या टेबलावरून ते ऐकत असतो. प्रोग्राममध्ये काही दोष नव्हता. ती सोय मी चालू केली होती.