शोगूनच्या दवाखान्याची विहीर आणि आमची संकष्टी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेकीला, रेखाला, आठवा लागला, डॉक्टरनं विमानाला नाय म्हटलं, मग माहेरालाच टोकियोला जावं लागलं. माहेर म्हणजे मी. संभाजीनगरहून दिल्ली, तिथून रातभर विमान. ते हाललं की माझा जीव मुठीत. शेजारचा बाप्या घोरत होता, त्याचा लई राग आला.

जरा सरावल्यावर रेखानं कोइशिकावाची बाग दाखवायला नेलं. स्टेशनापासून चालावं लागतं, तिकीट एका बऱ्या थाळीएवढं. सोमवारी जाऊ नका, बंद असते.

रेखा पाट्या वाचून सांगत होती. शोगून म्हणजे बादशहाच्या नावानं राज्य हाकणारा सरदार. त्यातल्या आठव्याची ही औषधी झाडांची बाग. धाकटं पोर, गादीवर बसेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बसला आणि वाड्यातला खर्च छाटला. सुती कपडे, दोनच वेळा जेवण.

"दुसऱ्याला उपाशी नाय ना ठेवलं?"

"शेतकऱ्यांचा सारा वाढवला."

"मग झालं! सुधारणा म्हणे."

"ऐक तर, आई. त्यानं एक पेटी ठेवली होती. कुणीबी नाव-गाव लिहून गाऱ्हाणं टाकायचं, उघडायचा तो स्वतः. एका वैद्यानं लिहिलं, गरिबाला दवाखाना नाय. यानं इथंच बांधून दिला."

दवाखाना गेला, विहीर राहिली. जवळच रताळ्याच्या आठवणीचा दगड आहे. दुष्काळात लोक जगावेत म्हणून शोगूननं इथं रताळं लावून बघितलं होतं. मी विहिरीत डोकावणार, तोच रेखा म्हणाली, "आई, सकाळपासून बाळ हाललं नाय."

मी विहीर सोडून तिच्याकडं वळले.

"खाल्लंस काय?"

"चहा. संकष्टी आहे ना."

"पोटुशीनं उपास? आणि सोडतेस कधी?"

"तू पाठवलेल्या कॅलेंडरात चंद्रोदय बघून. तिकडची वेळ."

म्हणजे दर संकष्टीला इथं चंद्र केव्हाच वर आलेला असणार, आणि ही पोरगी मध्यरात उलटेपर्यंत संभाजीनगरचा चंद्र निघायची वाट बघत उपाशी!

"अक्कल विकली का गं?"

"तूच म्हणायचीस, माझ्या वेळी मी एक संकष्टी चुकवली नाय."

मी तिला हाताला धरून फाटकाबाहेर आणलं. बाहेरच्या दुकानात गरम भाजलेली रताळी होती. उपासाला चालतात म्हणून तिनं गुमान खाल्ली. टॅक्सीत मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. काहीच नाय. टॅक्सी महाग असते म्हणतात, मला भाडं आठवत नाय.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला. नर्स पट्टा सरकवत राहिली. तिची भाषा मला कळेना, तोंडाकडं बघून भीतीच वाढली. मग एकदम शिलाई मशीन पळाल्यागत बाळाच्या ठोक्यांची टकटक सुरू झाली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टरीण बाई बोलल्या, रेखानं सांगितलं, "हालचाल कमी वाटली की वाट बघायची नाय, लगेच यायचं. आणि उपास बंद. तुझ्या आईला पण सांग म्हणाल्या."

"कळलं म्हणावं आईला."

नात झाली, धडधाकट आहे. तिला न्हाऊमाखू घालून मी घरी परतले. शोगूनचं विचाराल तर, सारा वाढवला ते मी माफ करणार नाय. पण गरिबाची चिठ्ठी वाचून दवाखाना बांधणारा माणूस, त्याला हात जोडायचे राहूनच गेले.

भीती मात्र सोबत आली. रेखाचा फोन आला की आधी नातीचा आवाज येतो का तेच ऐकत बसते. रेखा विचारते, "आई, बोलत का नाहीस?"

मी म्हणते, "आधी पोरीला रडव, मग बोलते."