गौरीला पंख फुटले तेव्हा

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका! त्या चैत्रात माझ्या हातून जो घोळ झाला ना, तो आठवला की आजही आधी अंगावर काटा येतो आणि मग हसू येतं. क्रम हाच. काटा आधी.

आमची सून प्राजक्ता विमानांचे पंख करते. मोठ्या विमानांचे नव्हेत हो, बिनमाणसांच्या छोट्या विमानांचे. आणि तेही घडीचे! छत्री मिटून पिशवीत टाकावी तसा पंख मिटायचा, नळीत सारायचा आणि वर आभाळात गेल्यावर त्यानं आपला आपण उघडायचं. मोटार नाही, बटण नाही. मोटार लावली की वजन वाढतं म्हणे, आणि वजन हा तिचा जन्मोजन्मीचा वैरी. मी केशर जपत नाही इतका ती डिंकाचा थेंब जपते.

"पण आपला आपण कसा उघडेल गं?" मी एकदा विचारलं.

तिनं कौतुकानं कागदावर चित्रं काढून सगळं समजावलं. माझ्या हातात जपमाळ होती. खरं सांगू? जपही अर्धा झाला आणि ऐकणंही अर्धंच झालं.

तिच्या जिवाला मात्र घोर लागला होता. शनिवारी सकाळी पुण्याहून एका कंपनीची माणसं पंख बघायला येणार होती. पंख नीट उघडला तर तिचं काम पुढे चालणार, नाही तर पुन्हा कुठल्या तरी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या विमानांची चित्रं काढायची. आणि पंख उघडेल तर ना! पांढऱ्या कापडाचे केलेले आधीचे सगळे अर्ध्यातच अडकले होते. गच्चीवर ते खाटेएवढे अर्धवट सांगाडे पडून होते. पोरीचं जेवणात लक्ष राहिलं नव्हतं.

मी काय करणार? मला येतं तेच केलं. शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी संकल्प सोडला: त्या दिवशी उठल्यापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत मौन. गौराई, माझ्या प्राजूचा पंख उघडू दे.

आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. "तू? दिवसभर? गप्प?"

"हो."

"अगं, लग्न झाल्यापासून मी तेवढंच तर मागतोय! माझ्यासाठी कधी जमलं नाही, पंखासाठी बरं जमतंय!"

तर शुक्रवार उजाडला. मौन सुरू. आरास मांडायला घेतली. आराशीचा डबा देवघरातल्या कपाटात, खालच्या फळीवर असतो. कपाट उघडलं, तर डब्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं सोडलं. आत हातभर लांबीचा एक मिटलेला कळा. रुपेरी! गार, गुळगुळीत आणि इतका हलका, की आपण काही उचललंय असं हाताला कळेचना.

मी ओळखलंच. पलीकडच्या गल्लीतल्या पद्माक्का, त्यांच्याकडे विजेवरचे माग आहेत, त्या मला म्हणाल्या होत्या, "वैनी, आरासाला रुपेरी कागदाचं कमळ देते की वो मी." आलं वाटतं कमळ! कुणी ठेवलं, कधी ठेवलं, विचारणार कशी? हे समोरच बसले होते. मी कळा त्यांच्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या.

चष्म्यावरून बघून हे म्हणाले, "छान आहे."

झालं! मी पुढच्या खोलीत पायऱ्या मांडल्या, पितळी झोपाळ्यात गौर बसवली, कैऱ्या ठेवल्या, कलिंगडाचं कमळ कोरलं. झोपाळ्याच्या मागे भिंतीला टेकून तांब्यात तो कळा उभा केला. त्याला हळदीकुंकू लावलं. ह्यांनी सात रस्ता चौकातून आणलेला भगभगीत हॅलोजन दिवा समोरून रोखला. भिंत पश्चिमेची. आदल्या दिवसाचं ऊन तिच्यातून सकाळीसुद्धा गेलेलं नसतं. वर माझ्या लग्नातल्या शालूचा पडदा लावला, कारण आरास संध्याकाळीच बायकांना दाखवायची.

आता जरा जवळ या.

सोलापूरची चैत्रातली दुपार तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडक्या बंद, पडदे ओले, हे आत घोरतायत, प्राजू वरच्या खोलीत. समई विझू नये म्हणून पंखा बंद. आवाज तेवढा गल्लीतल्या मागांचा, खटक-खटक, खटक-खटक. मी पडद्याशी बसून डाळीसाठी कैरी किसत होते.

सहज शालू बाजूला करून आत बघितलं, आणि किसणी हातातच राहिली.

झोपाळा हलत होता.

वारा नाही, माणूस नाही. आणि गौर आपली हळूहळू पुढे-मागे. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एक सावली होती, बोटासारखी. लांब, बारीक. माझ्या डोळ्यांदेखत ते बोट लांबत होतं!

एवढ्यात लाइट गेली. हॅलोजन विझला. गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले. असा सन्नाटा, की माझाच श्वास मला परका वाटला. आणि त्या शांततेत गौरीच्या मागून आवाज आला.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... टक्.

समईच्या उजेडात मी पाहिलं. ते बोट मागे मागे सरकत होतं. कुणीतरी हात आखडून घ्यावा तसं.

किंकाळी घशापर्यंत आली होती हो! पण मौन! पदराचा बोळा तोंडात कोंबला. ही गौर माझ्या सासूबाईंची. त्या गेल्या, पण गौरीच्या डाळीवरचं त्यांचं लक्ष काही गेलं नसणार. मागल्या वर्षी डाळ खारट झाली होती. बाईंना ते खपलं असेल का?

मी धावत जाऊन ह्यांना हलवलं. आराशीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात पसरून वर-खाली केले.

"काय? घार शिरली घरात?"

मी मान हलवली. पुन्हा हात.

"वटवाघूळ? ... उकडतंय होय तुला? अगं, लाइट गेलीये, मी काय करू?"

शेवटी हाताला धरून ओढत आणलं. पडदा सारला. झोपाळा ढिम्म. कळा गप्प मिटलेला. सावली नाही की आवाज नाही.

हे म्हणाले, "दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी असं होतं."

म्हणजे पुरुषमाणसासमोर ते प्रकट होत नव्हतं!

तेवढ्यात लाइट आली, माग खडखडायला लागले, आणि जिन्यावरून प्राजू धडधडत खाली.

"आई! माझा पंख बघितला का तुम्ही? वर पत्रा तापतो म्हणून थंडाव्याला खाली आणून ठेवला होता, देवघराच्या कपाटात! बाबांना सांगितलं होतं मी!"

"मला?" हे म्हणाले. "कधी?"

"तुम्ही पेपर वाचत होता, आणि हो म्हणालात!"

"पेपर वाचताना मी सगळ्यालाच हो म्हणतो गं."

आता माझं ऐका. माझ्या डोळ्यांपुढे पंख म्हणजे काय? गच्चीवरचा तो पांढरा, खाटेएवढा सांगाडा. तो कपाटात मावेल तरी का? मी अगदी मनापासून मान हलवली. नाही बाई, पंख नाही पाहिला.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. जिन्याच्या पायरीवरच बसली. "तो एकच आहे हो आई. उद्यासाठी दुसरा नाहीये माझ्याकडे."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. एक शब्द बोलता येत नव्हता मला. ती डोळे पुसून पुन्हा शोधायला गच्चीवर गेली आणि मी पडद्याआड गेले. भीती होतीच. पण लेकरू रडत असताना भीतीला कुठं धरून बसता येतं? गौरीपुढे डोकं टेकलं. मनात म्हटलं, गौराई, सासूबाई, जे कुणी असाल ते, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण पोरीचा पंख सापडू दे.

टक्.

डोकं वर करायची हिंमत होईना. जमिनीकडे बघत राहिले. आणि त्या फरशीवर, माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, दोन हातांच्या सावल्या सरकत आल्या. सावकाश. माझ्या खांद्यांवर येऊन थांबल्या.

तुम्हाला सांगते, मन निवांत झालं. आशीर्वाद मिळाला! पंख सापडणार! मी वर न बघता, उलट्या पावलांनी बाहेर आले आणि कैरी किसायला बसले. लक्ष सगळं पडद्याकडे होतं, म्हणून त्या वर्षी डाळीतली कैरी सगळ्यांना भरड लागली.

संध्याकाळी बायका जमल्या. पद्माक्का काखेत कसलंसं पुडकं घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या मालनबाई आल्या. खोली गच्च भरली. प्राजू बिचारी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी आत पन्हं ओतत होती. मी शालू बाजूला केला. आत कळा अर्धवट उमललेला. बायका म्हणाल्या, "अगबाई, किती सुंदर!" मी कापूर पेटवला आणि आरती ओवाळायला लागले. समोर हॅलोजन, मागे तापलेली भिंत, त्यात कापराचा जाळ.

आणि सर्र्र्र... करून तो कळा उघडला!

अर्धा नाही. पुरता! गौरीच्या मागून दोन रुपेरी पंख निघाले, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत पसरले. धक्क्यानं झोपाळा असा उसळला, की गौर आता निघालीच म्हणावं. छतभर सावली झाली.

मग मालनबाई. "आगं बया बया... गौर उडाय लागली की!"

"अम्मा!" म्हणत पद्माक्कांनी जमिनीला कपाळ टेकवलं. काखेतलं पुडकं सुटून पुढे घरंगळलं. त्यातून एक रुपेरी कागदी कमळ बाहेर पडलं.

पद्माक्कांनी कमळाकडे बघितलं, पंखांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वैनी... कमळ तर हे माझ्याकडं आहे की वो. मग ते काय?"

माझ्या पाठीतून बर्फाची लादी सरकली. आरती झाली होती, मौन सुटलं होतं. पण आता तोंड उघडलं तर शब्द येईना!

तेवढ्यात प्राजू पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात आली. ट्रे धाडकन् खाली.

"उघडला! आई, उघडला! दोन्ही टोकांपर्यंत उघडला!" ती हसत होती, रडत होती, नाचत होती.

"अंगात आलं!" मालनबाई ओरडल्या. "सूनबाईच्या अंगात आलं! लिंबू आना कुनीतरी!"

कुणी तिला कुंकू लावलं, कुणी पाया पडलं. तिचं लक्षच नाही. ती भिंतीला हात लावून पुटपुटत होती, "मागून भिंत... समोरून दिवा... दोन्हीकडून सारखी ऊब! मी एकाच बाजूनं तापवत होते!"

"माय, माज्या पोरीचं बाळंतपण कसं व्हईल?" मालनबाईंनी हात जोडून विचारलं.

"दोन्हीकडून सारखी!" प्राजू म्हणाली.

पद्माक्कांनी लगेच अर्थ सांगितला. "जुळं होणार बघा तुमच्या मुलीला."

मग एकेक उलगडलं. या पंखाला प्राजूनं पांढऱ्याऐवजी नवं रुपेरी कापड वापरलं होतं. पंखाच्या काड्यांत एक खास तार असते. ऊब लागली की ती सरळ होते आणि पंख उघडतो. गार झाली की आतला बारीक ताणलेला दोर त्याला पुन्हा मिटवतो. म्हणून तर ओलं फडकं आणि थंड कपाट! हे सगळं मला आधी सांगितलेलं होतं बरं का. जपाच्या उरलेल्या अर्ध्यात.

दुसऱ्या दिवशी माळावर प्राजूनं दोन्ही बाजूंनी ऊब लागेल अशी सोय केली आणि पंख पहिल्या झटक्यात उघडला. कंपनीच्या साहेबांनी पंखाच्या मुळाशी वाकून बघितलं. "हा लाल-पिवळा ठिपका कसला? सेन्सर आहे का?"

"हळदीकुंकू," प्राजू म्हणाली.

"वजनात धरलंय?"

"धरलंय, सर."

काम पुढे चालू राहिलं. मी गल्लीत प्रत्येकीला खरं काय ते सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. मालनबाई तर मलाच म्हणाल्या, "तुमी लपवताय, वैनी. दिवसभर मौन पाळलं, मगच प्रकटली की न्हाय?"

आणि आमचे हे! त्या रात्री जेवताना म्हणाले, "इतकी वर्षं तुला गप्प बस म्हणत आलो. एकच दिवस गप्प बसलीस, तर सून घरातच हरवलेला पंख शोधत रडली, मालनबाईंना जुळी नातवंडं मिळाली आणि मला वटवाघूळ ओळखावं लागलं. पुन्हा नको."

या चैत्रात मी संकल्पासाठी पाणी हातात घेतलं, तर प्राजूनं हात धरला. "थांबा आई. या वर्षी संकल्प मी सांगते. गौर उठेपर्यंत तुम्ही एक क्षणसुद्धा गप्प बसायचं नाही. मनात आलं की बोलायचं. दिसलं की विचारायचं."

आयुष्यात इतकी व्रतं केली, पण इतकं सोपं व्रत मला कधी कुणी दिलं नव्हतं. गौर उठून कितीतरी दिवस झाले, तरी मी अजून सोडलेलं नाही. बघा ना, तुमचा चहासुद्धा गार झाला.