यंत्रं आम्हीच पुसली

मी कारखान्यात कोअर करायची. वाळूत तेल कालवायचं, साच्यात दाबून आकार काढायचा आणि भट्टीत भाजायचा. त्याच्याभोवती लोखंडाचा रस ओततात. रस थिजला की आतली वाळू ठोकून बाहेर काढतात. माझ्या कामाच्या जागी पोकळी तेवढी उरते.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी मालकानं कारखान्याला टाळं ठोकलं. तो यंत्रं गुपचूप दुसरीकडं हलवणार, अशी कुणकुण होती. यंत्रं गेली की काम कायमचं गेलं. म्हणून पावसाळाभर आम्ही गेटसमोर ताडपत्री बांधून पाळीनं बसलो. संध्याकाळी लाल बावट्याचे एक म्हातारे कार्यकर्ते येत. सगळे त्यांना तात्या म्हणत.

तात्या सांगत, "यंत्र म्हणजे काय? तुमच्यासारख्याच कामगारांचा थिजलेला घाम. तो ज्याच्या मालकीचा, तो तुमच्या जित्या घामावर हुकूम चालवतो. आणि माणूस असा, की स्वतःच घडवलेल्या वस्तूपुढं हात जोडतो."

माझी शाळा चौथीपर्यंतची. त्यांचं पुष्कळसं डोक्यावरून जायचं. हे मात्र कळलं. थिजणं मी रोज बघत होते. ठोकून टाकलेल्या वाळूतला घाम कुठं जातो, हे विचारावंसं वाटायचं. चारचौघांत तोंड उघडत नसे.

खंडेनवमी आली. त्या दिवशी दरवर्षी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची. मालकानं निरोप धाडला, 'भांडण आपलं आहे, देवाचं नाही. गेट उघडतो, पूजा करून जा.'

तात्या म्हणाले, "जाऊ नका."

माझा नवरा त्याच कारखान्यात साचे बनवणारा मोल्डर होता. तो उसळला, "तात्या, तुमचं शिकल्यालं खरं आसंल. पर जे पोट भरतंय त्येला हळदकुकू लावायचं न्हाय व्हय?"

"लावा. पण नजर मालकाच्या हातावर ठेवा."

"आवो, सणाला कोण वंगाळ करतंय?"

आम्ही आत गेलो. गंज खरवडला, तेल दिलं, झेंडूचे हार घातले. यंत्रं नव्यासारखी दिसायला लागली. दसऱ्याला मालक गेटवर आला आणि प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं देत म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." माणसं विरघळली. संध्याकाळी सगळी दसरा चौकात पालख्या बघायला गेली. त्या रात्री ताडपत्रीखाली कुणीच उरलं नाही.

सकाळी गेट सताड उघडं होतं. आत यंत्रांच्या जागी जमिनीत खळगे आणि खळग्यांत झेंडूच्या पाकळ्या. नवरा एका खळग्याच्या काठावर बसून राहिला. तात्या आले आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडू लागले.

कारखाना पुन्हा उघडला नाही. मला काम मिळालं नाही. नवरा उद्यमनगरात दुसऱ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर लागला. पुढच्या खंडेनवमीला तो प्रसादाचा पेढा घेऊन घरी आला. हाताला तेलाचा वास होता.

मी विचारलं, "हात जोडलं का?"

"न्हाय जोडलं." पेढा माझ्या हातावर ठेवून तो मोरीकडं वळला. "पर पुसलं. पुसाय लागतंयच की."