काम नसताना काढलेलं तिकीट

मी तिसरीत असताना आमच्या गावात पटकी आली. बार्शीटाकळीच्या पुढचं गाव. सकाळ-संध्याकाळ एकच एस.टी. यायची, पारापाशी वळायची आणि परत जायची. पटकीचं कळल्यावर ड्रायव्हर गावात येईना. दोन कोसांवरच्या फाट्यावरूनच गाडी फिरवायचा. साथीत चार माणसं गेली, त्यात माझ्या बाकावरची मुलगी होती. मग विहिरीत औषध पडलं, सगळ्यांना टोचून झालं, साथ संपली. बस मात्र आली नाही.

डेपोच्या साहेबाचं म्हणणं, तुमच्याकडून गाडी भरत नाही. खोटं नव्हतं ते. लोकांना बैलगाडीनं फाट्यावर जायची सवय लागली होती. गावानं साहेबाला सांगितलं, पंधरा दिवस पाठवून पाहा, भरून दाखवतो. आणि नंबर लावले. आज वरची आळी, उद्या खालची. काम असो नसो, तिकीट काढून बार्शीटाकळीला जाऊन यायचं.

आमच्या दिवशी आई धुवट लुगडं नेसून मला घेऊन निघाली. कंडक्टरनं विचारलं, "काय काम काढलं, बाई?"

"काई नाई," आई म्हणाली, "आज आमचा नंबर हाय."

कंडक्टर हसत सुटला. आम्ही भजी खाल्ली, बांगड्यांची दुकानं नुसती पाहिली आणि संध्याकाळी त्याच बसनं परत आलो. खिडकीतून धूळ येत होती, तरी आईनं खिडकी लावू दिली नाही. त्या दिवसासारखी आई मला पुन्हा दिसली नाही.

पंधरा दिवस बस भरून गेली. मग कापूस वेचणी लागली आणि बसमध्ये एक म्हातारा तेवढा उरला. महिन्याभरात ती बंद झाली. पाचवीची शाळा बार्शीटाकळीला होती, म्हणून माझं शिक्षण चौथीला थांबलं. त्याचं रडगाणं मी गात नाही. सांगितलं एवढ्यासाठी, की माझ्या नातीवर तेच आलं.

ती मुलीची मुलगी, इथे अमरावतीत माझ्याच हाताखाली वाढली. विमानात नोकरीला लागली. नागपूरहून आखातातल्या एका शहरी जायची-यायची. सुट्टीला आली की विमानातल्या साखरेच्या पुड्या आणायची. मी त्या डब्यात साठवायचे आणि पाहुण्यांच्या चहात टाकायचे.

करोनात सगळी विमानं थांबली, ती घरी आली. पुढे विमानं सुरू झाली, पण तिचं नाही.

"उभं विमानही खर्च खाते, आजी," ती म्हणाली. "भाडं, दुरुस्ती, पगार. आन् अर्धं रिकामं उडवलं तर तेलाचेही पैसे निंगत नाईत. म्हून जिथं गर्दी हाय तिथं लावलं."

"आन् तुयावाले लोक?"

"ते आता मुंबईहून जातात. सुरू होईल नं पण."

"नाई होत," मी म्हणाले आणि बसची गोष्ट सांगितली.

"विमान काई तुया गावची एस.टी. नोय!" ती चिडली. ते विमान आलं नाही. तिनं मोबाइलच्या दुकानात दिवस काढले. साखरेच्या पुड्याही संपल्या.

मग इथल्याच बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं आणि तिला तिथे काउंटरवर काम मिळालं. पोरीच्या तोंडावर पुन्हा रंग आला. पण मागच्या महिन्यात टीव्हीवर कुठल्याशा नव्या तापाची बातमी लागली आणि तिनं ताट सरकवलं.

"आपल्याकडं लोकांले अजून रेल्वेचीच सवय," ती म्हणाली. "घाबरले, तर पयलं आमचंच बंद होईल."

या खेपेला मी बसची गोष्ट काढली नाही. भाच्याकडून तिकीट काढून घेतलं. एका म्हातारीच्या तिकिटानं विमान चालत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

काउंटरवर मला पाहून ती उभीच राहिली. "आजी! मुंबईले कोणाकडं जाऊन राहिली तू?"

"कोणाकडंच नाई. आज माहा नंबर हाय."

ती हसली, मग डोळे पुसले, मग मागच्या माणसाला थांबायला सांगून मला खिडकीची जागा दिली.